वारा पडल्यावरचा अभ्यास

भात पिवळं पडायला लागलं की मला घरात बसवत नाही. ओट्यावर येतो, बांधापर्यंत जातो, पुन्हा माघारी येतो. कापायला आलेल्या भाताला एक वास असतो. ओलसर, कोंदट, किंचित गोड. इतकी वर्षं झाली, तरी तो तसाच नाकात शिरतो. इतरांना या वासाने दिवाळी आठवते. मला परीक्षा आठवते.

किन्हवलीच्या पुढे आमचं गाव. शेती थोडी, म्हणून तरुणपणी शहापूरजवळच्या एका कागद कारखान्यात लागलो आणि बॉयलर अटेंडंट म्हणून निवृत्त झालो. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की कारखान्याला वाफ लागते, ती एका मोठ्या पोलादी भांड्यात तयार होते, आणि त्या भांड्याचा ताबा घेणाऱ्या माणसाकडे सरकारी परीक्षेचं प्रमाणपत्र असावं लागतं. ते नसेल तर माणूस कोळसा ओढू शकतो, राख उपसू शकतो, जन्मभर त्या धगीसमोर उभा राहू शकतो. पण तो मदतनीसच. मी आमच्या भागातला पहिला प्रमाणपत्रवाला. निदान लोक तसं म्हणतात आणि मी ते म्हणू दिलं.

यंदा तो वास आला तेव्हा मधल्या खोलीचं दार बंद होतं. आत जनार्दन, माझा मुलगा. चाळिशी ओलांडलेला. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत बॉयलरवर मदतनीस आहे, कितीतरी वर्षं. आता तिथे नवा ठेकेदार आलाय. त्याने सरळ सांगितलं, दिवाळीनंतरच्या परीक्षेत जो पास होईल तो राहील. जना याआधी, पंचविशीच्या आतबाहेर असताना, तीनदा नापास झालाय. नंतर त्याने पुस्तकाचं नावच टाकलं होतं. आता पहिली पाळी संपवून एसटीने येतो, जेवतो आणि दार लावून घेतो.

मी उगाच दाराशी रेंगाळत होतो. आतून गुणगुणणं आलं, आणि मांडीवर बोटं वाजल्याचा आवाज.

‘काचेत पाणी आधी पाहावे, मगच भट्टीपाशी जावे, दाबाचा काटा, झडपेचा वाटा, क्रमाने सारे ध्यानी घ्यावे...’

माझंच भजन. माझीच चाल. मी तिथून निघालो तो थेट खळ्यावर जाऊन थांबलो, आणि तिथेही उभं राहवेना.

त्या भजनाचं सांगतो. मी तेव्हा गावच्या भजनी मंडळात टाळ धरायचो. आमच्यात कुणाला फारसं वाचता यायचं नाही, सगळं कानावरून आणि तालावर पाठ. पाठ मात्र एकदम पक्कं. बॉयलरच्या परीक्षेचं पुस्तक हातात आलं तेव्हा अभ्यास कसा करतात हे मला कोण सांगणार? मला एकच रीत माहीत होती. मी पुस्तकातला नियम अन् नियम चालीत बसवला. पाण्याची काच, दाबाचं घड्याळ, सुरक्षेची झडप, गाळ काढायचा कॉक म्हणजे तोटी, सगळं ओळीने. कारखान्यात जाता-येता म्हणायचो, गुरांमागे म्हणायचो. मंडळातल्या एकदोघांनी तर टाळसुद्धा धरले. गावात ती मोठी मौज झाली. परीक्षेला निघालो तेव्हा लोकांनी देवळात नारळ फोडला होता.

पुढे मी प्रमाणपत्रवाला झालो आणि ही मौज गोष्ट होऊन बसली. दर वर्षी गावात दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव होतो. मला शाल देतात आणि माइकसमोर उभं करतात. मी भजन म्हणून दाखवतो, मुलं हसतात, टाळ्या पडतात. मग मी आवाज खाली आणून सांगतो, ‘बाळांनो, पाठांतरासारखं साधन नाही. दार लावून बसा, पुन्हा पुन्हा म्हणा, मन लावा. मी तसाच पहिल्या खेपेला पास झालो.’

खाली बायकांच्या बाजूला माझी बायको बसलेली असते. यमुना. टाळ्या पडतात तेव्हा ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत असते. इतक्या वर्षांत तिने त्या वेळी एकदाही माझ्याकडे पाहिलेलं नाही.

कारण त्या भजनावर मी पास झालो नव्हतो. त्या भजनावर मी नापास झालो होतो.

मुंबईतली ती खोली मला अजून दिसते. उंच छत, खुर्चीत एक वयस्कर साहेब, टेबलावर पितळी कॉक मांडलेला. लेखी कसंबसं झालं होतं, ही तोंडी. साहेबांनी विचारलं, ‘काचेत पाणी दिसतंय. ते खरं कशावरून?’ मला उत्तर येत होतं. पण ते माझ्या तिसऱ्या कडव्यात होतं. भजन मधूनच कसं धरता येणार? मी म्हणालो, ‘साहेब, जरा मागून येतो.’ आणि पहिल्या ओळीपासून मनात सुरुवात केली. माझी बोटं मांडीवर चालू झाली. साहेबांनी वाकून माझ्या बोटांकडे पाहिलं. तोपर्यंत दुसरा प्रश्न आला, तो दुसऱ्याच टोकाचा. मी पुन्हा मागून आलो. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि ते शांतपणे म्हणाले, ‘पुस्तक मलाही पाठ आहे. तुमचा बॉयलर कुठे आहे?’

गावात येऊन सांगितलं, परीक्षा पुढे ढकलली. नारळ फोडणाऱ्यांना दुसरं काय सांगणार होतो? खरं फक्त यमुनेला सांगितलं. ती भात निवडत होती. म्हणाली, ‘मंग पुन्ना जायाचं.’ बस, एवढंच.

त्यानंतरचा सुगीचा हंगाम. माझ्या आयुष्यात सुगी अशी तीच एक. बाकीच्या सगळ्या तिच्या मागेपुढे झाल्या.

कापणी झाली होती, भारे खळ्यावर आले होते. झोडणीला माणसं कमी म्हणून कारखान्यातून सुटलो की मी सरळ खळ्यावर. पुस्तक न्यायची सोय नव्हती, तिथल्या धुळीने ते खाऊन टाकलं असतं. ते घरी माळ्यावर. जना तेव्हा तान्हा, आंब्याच्या फांदीला बांधलेल्या झोळीत. शेणाने सारवलेलं खळं पायाला गार लागायचं. झोडताना पेंढ्याची कुसं मानेत शिरायची आणि घाम आला की चावायची. बगळे पार खळ्याच्या कडेपर्यंत यायचे.

झोडून झालं की भात उफणायचं. यमुना तिपाईवर उभी राहून सूप डोक्याच्या वर धरायची. वारा आला की धार सोडायची. दाणे सरळ खाली, पोल म्हणजे पोकळ दाणे आणि कोंडा पलीकडे उडून जायचा. पण वारा काही आपला नोकर नव्हे. मधेच पडायचा. मग ती सूप तसंच कमरेला लावून उभी, मी खाली बसलेला, दोघंही डोंगराकडे बघत. पुन्हा पानं कधी हलतील याची वाट.

अशाच एका वेळी ती म्हणाली, ‘त्या सायबानं काय इचारलेलं?’

मी चिडून म्हणालो, ‘तुला काय कळणार?’

‘मना नाय कळणार तं तुमाला तरी कळलंय का? सांगा की. वारा पडलाय.’

मी सांगायला लागलो. चालीत नव्हे, नुसतं. भांड्यात पाणी किती आहे ते बाहेरून दिसत नाही, म्हणून बाजूला काचेची नळी लावतात. तिला वर एक कॉक वाफेचा, खाली एक पाण्याचा.

‘मंग?’

‘मग आतलं पाणी जेवढं, तेवढंच नळीत दिसतं.’

‘मंग?’

मग काय? पुढे मला येईना. भजनात पुढची ओळ होती ती वेगळ्याच गोष्टीची. वारा आला, तिने सूप वर उचललं आणि मला तसाच अधांतरी सोडून दिलं. त्या धारेचा आवाज ऐकत मी विचार करत राहिलो. खालचा कॉक गाळाने तुंबला तर? नळीतलं पाणी तिथेच अडकून राहील. आत भांडं कोरडं पडत चाललं असेल आणि काच म्हणेल, पाणी आहे. म्हणून तळचा निचऱ्याचा कॉक उघडून आधी काच मोकळी करायची. पाणी झटक्यात परत आलं तर खरं, रेंगाळत आलं तर संशय धरायचा. हे पुस्तकात होतं. मी शेकडो वेळा म्हटलं होतं. पण ते मला त्या दिवशी खळ्यावर पहिल्यांदा कळलं.

वारा पडला तेव्हा मी उठूनच उभा राहिलो आणि तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘आसं व्हय.’ आणि थोड्या वेळाने, ‘मंग?’

तिला बॉयलरमधलं काही कळत नव्हतं, आणि कळून घ्यायचीही फारशी हौस नव्हती. हे मी तिचं मोठेपण कमी करायला सांगत नाही, जसं होतं तसं सांगतोय. तिला फक्त एवढं कळायचं, की या माणसाचं बोलणं कुठे खरं चाललंय आणि कुठे नुसतं तोंड चाललंय. मी चालीवर गेलो की ती म्हणायची, ‘भजन नको गो बाय. सांगा.’ मला ‘गो बाय’ म्हणून चिडवायची. झोळीतला जना रडला की ती जायची, परत येऊन कालचंच विचारायची, कारण ती विसरलेली असायची. मला संताप यायचा, पण पुन्हा सांगावं लागायचं, आणि दर खेपेला ते थोडं निराळ्या शब्दांत यायचं. आठ-दहा दिवसांनी मधूनच एखादं जुनं काढायची, ‘त्या गाळाचं काय झालं वो?’ मला वाटायचं, ते तर येतंय. सांगायला जायचो आणि अर्ध्यावर अडखळायचो. कळायचं, की येत होतं ते निसटलंय. मग घरी गेल्यावर माळ्यावरचं पुस्तक काढून तेवढंच एक पान बघायचो. आख्खं पुस्तक पहिल्यापासून वाचणं मी त्या हंगामात बंद केलं. वेळच नव्हता, आणि गरजही उरली नाही. नेमकं कुठलं पान उघडायचं ते खळ्यावर कळलेलं असायचं.

दुसरं त्या खळ्याचं. सारवलेल्या जमिनीवर मी काटकीने बॉयलर काढायचो. भट्टी इथे, नळ्या इथे, पाणी इकडून येतं, वाफ तिकडून जाते. संध्याकाळ झाली की यमुना खळं झाडायची. माझा बॉयलर कोंड्यासकट साफ. पहिल्यांदा मी ओरडलो, ‘अगं, पुसू नको! दिवस गेला त्याच्यात!’ ती झाडू न थांबवता म्हणाली, ‘डोक्यात हाय ना? मंग उद्या काढा.’ दुसऱ्या दिवशी काढायला बसलो तर सुरक्षेची झडपच विसरलो होतो. वाफेला वाट नसलेला बॉयलर. कारखान्यात असता तर आम्ही सगळे गेलो असतो. ती झडप मी पुन्हा कधी विसरलो नाही.

आणि असा तो हंगाम. अंगाला खाज, डोळ्यांत कोंडा, आणि सतत एक धाकधूक, की वारा पडतोय, आता ही विचारणार. पण त्या धाकधुकीत एक गोडी होती. पुढच्या परीक्षेला त्याच साहेबांसमोर गेलो. त्यांनी मधूनच विचारलं. मी मधूनच सांगितलं. ते गप्प झाले की मला वाटायचं, वारा पडला. ‘मग?’ ते म्हणाले नाहीत, तरी मला ऐकू यायचं.

पास झालो. गावाला वाटलं, ढकललेली परीक्षा झाली. हार घालताना कुणीतरी ओरडलं, ‘भजनानं तारलं!’ सगळे हसले. मीही हसलो. खरं सांगायला तेवढा एक क्षण होता, तो गेला. बायकोने खळ्यावर उभं राहून मला शिकवलं, किंवा तिने विचारलं म्हणून मी शिकलो, हे पुरुषमाणसांच्या त्या घोळक्यात सांगायची मला लाज वाटली. पुढच्या वर्षी शाल आली. मग दर वर्षी. तुंबलेल्या कॉकच्या काचेसारखं माझं झालं. बाहेरून पातळी दिसत राहिली.

ही लाज माझ्यापुरती राहिली असती तर कदाचित मी गप्पच मेलो असतो. पण जना माझ्या भजनावर वाढला. मीच त्याला चाल शिकवली, मीच दार बाहेरून लावलं. यमुना एकदा म्हणाली होती, ‘त्याला जरा खल्यावर तरी येऊ दे.’ मी तिच्याकडे असं पाहिलं, की ती पुन्हा बोलली नाही. तिसऱ्यांदा नापास होऊन आला तेव्हा तो शहापूरच्या स्टँडवरून चालत आला होता, एसटी सोडून, चपला हातात घेऊन. मला म्हणाला, ‘बाबा, तुमी पयल्याच खेपेला कसं काय पास झालात?’

तेव्हाही क्षण होता. मी म्हणालो, ‘मन लागावं लागतं.’

त्या दिवसापासून माझा मुलगा स्वतःला मन नसलेला माणूस समजतो. माझ्या त्या एका वाक्याने तो मुरबाडच्या धगीसमोर मदतनीस राहिला.

यंदा तो कारखान्यात असताना मी त्याचं पुस्तक उघडलं. पान न् पान पिवळ्या पेनाने रंगवलेलं. एक ओळ कोरी नव्हती. हळद लागलेल्या नवऱ्यासारखं ते पुस्तक, आणि मोबाइलमध्ये कुणाकुणाचे अभ्यासाचे व्हिडिओ. तो सगळं करत होता, फक्त कुणी त्याला विचारत नव्हतं. परीक्षा जवळ येत होती आणि मी ओटा ते बांध, बांध ते ओटा करत होतो.

दुपारी तो जेवायला बसला. यमुना वाढत होती. मी समोर बसलो आणि सांगितलं. सगळं. नापास झाल्याचं, ढकललेल्या परीक्षेचं, खळ्याचं. बोलताना माझी नजर त्याच्या ताटावर होती. भाताचा घास त्याच्या हातात तसाच वाळला.

त्याने तो ताटात परत ठेवला. मग म्हणाला, ‘तीनदा, बाबा.’

मी मान हलवली.

‘तीनदा मी म्हटलं, मी ढ हाय.’ मग आईकडे वळला. ‘तुला म्हाईत होतं?’

यमुना म्हणाली, ‘व्हय.’

‘मंग बोलली का नाय?’

तिने भाताचं भांडं खाली ठेवलं. ‘यांची इज्जत सांभाळत बसले रे. तुझी सांभाळायाची र्‍हायली.’

जना ताटावरून उठला. हात धुतला आणि बाहेर गेला. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. यमुनाही बोलली नाही. घरात तिघं, आणि भांड्यांचा तेवढा आवाज. मला वाटलं, मी सांगून त्याचा उरलासुरला अभ्यासही मोडला. परीक्षेच्या तोंडावर हे सांगायची काय गरज होती? स्वतःचं ओझं उतरवायला मी त्याचा खांदा शोधला की काय? हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

आता आमच्याकडे भात यंत्रावर निघतं. पंखा यंत्रातच असतो, वाऱ्याची वाट बघायला लागत नाही. पण बियाण्याचं भात यमुना अजून हातानेच काढते. यंत्रात दाणा फुटतो म्हणते. गुडघ्यांमुळे तिपाईवर चढता येत नाही, म्हणून बसूनच सूप धरते.

तिसऱ्या दिवशी मी पेंढा रचत होतो. खळ्याच्या पलीकडे, पेंढ्याच्या उंच उडवीच्या आडोशाला. जना पाळीवरून आला तो घरात न जाता खळ्यावर आला. पुस्तक हातात नव्हतं. आईजवळ उकिडवा बसला. वारा पडला होता.

‘इचार,’ तो म्हणाला.

‘काय इचारू रे? मी समदी इसरले.’

‘तेच पाह्यजे.’

ती हसली. मला इकडे तो आवाज आला आणि माझ्या हातातली पेंढी तशीच राहिली. जना सांगायला लागला. ‘समज, मी पाळीवर आलो. काच बघितली. काचेत पाणीच नाय.’

‘मंग?’

‘मग... पंप चालू करायचा. पाणी घ्यायचं.’

मला उभं राहवेना. तापून लाल झालेल्या नळ्यांवर गार पाणी सोडायचं? आधी आग तोडायची, जना, आग! शब्द माझ्या ओठांवर आले होते. दोन पावलं मी पुढे गेलोही. आयुष्यभर मी याच जागी पुढे गेलो होतो. मी पेंढी छातीशी धरली आणि उडवीला पाठ टेकून उभा राहिलो.

यमुनेला यातलं काही माहीत नव्हतं. तिने सूप मांडीवर ठेवलं आणि नेहमीसारखं विचारलं, ‘मंग?’

‘मग पाणी आत जाईल. तापलेल्या...’ तो थांबला. वारा नव्हता. आंब्याचं पानही हलत नव्हतं. ‘नाय, नाय. थांब आई. पाणी नाय घ्यायचं. आधी आग बंद. आधी आग.’

‘आसं व्हय,’ ती म्हणाली.

मग त्याने काटकी उचलली.

परीक्षा चार दिवसांवर आहे. तो पास होईल की नाही, मला माहीत नाही. माझ्याशी तो अजून मोजकंच बोलतो. गुणगौरवाच्या मंडळींना मी सांगितलंय, शाल ठेवा, या खेपेला भजन नाही, आणि जे बोलेन ते यमुनेला समोर बसवून बोलेन. ती येईन म्हणालेली नाही.

काल संध्याकाळी मी खळ्यावर गेलो. बॉयलर पूर्ण काढलेला होता. भट्टी, नळ्या, काच, तिचे कॉक, आणि वर झडप. मी वाकून सगळा तपासला. चूक नव्हती. वाटलं, हा राहू द्यावा. वर एखादी पाटी-टोपली झाकावी, परीक्षेपर्यंत तरी. एवढ्यात जना घरातून आला. त्याच्या हातात झाडू होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. भट्टीपासून सुरुवात करून झडपेपर्यंत त्याने खळं स्वच्छ झाडलं, कोंडा कडेला लोटला आणि झाडू माझ्या हातात देऊन आत गेला.